शेरा

यावल शाखा. मे महिना. पंखा गरम हवाच फिरवतो.
तपासणीला आलेल्या इंगळेबाईंनी
फाटक्या नोटांची गड्डीसुद्धा सोडली नाही,
तारण सोन्याची पाकिटं लाखेसकट तोलली,
केळी-वखारीचं खातं दोनदा चाळलं.

रोकड पैशाला पैसा जुळली.
तोताराम झोपे, एकोणीस वर्षं रोखपाल,
मठ्ठा सांगायला उठला
आणि कमरेला तिजोरीच्या दोन किल्ल्या वाजल्या.

"दुसरी कुणाची?"
"सायबांची. भुसावळला लग्नाला गेलेत.
भरवसा आहे ना माझ्यावर."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं.
"पण जुळलं ना सगळं, बाई?"
"जुळलंय, म्हणून तर आज लिहिते.
जुळत नाही तेव्हा आम्ही लिहीत बसत नाही,
कुलूप लावतो.
मग पासबुकं घेऊन माणसं उन्हात उभी राहतात."

मठ्ठा तसाच राहिला.
शेवटच्या एसटीनं शेरा जळगावला गेला,
तिथून मुंबईच्या कुठल्याशा टेबलावर.
त्यात झोपेचं नाव नव्हतं. नुसतं:
दोन्ही किल्ल्या एकाच इसमाकडे.

सोमवारपासून झोपे
एकच किल्ली बांधून येतो.
चालताना वाजत नाही.
निंबा शिपाई दोनदा दचकला.