वीस मिनिटं

केळीच्या बागेतून रुमल्याला उचलून आणलं.
घोट्यावर दोन टिंबं, नखांत चीक.
भारंबे सिस्टरनं काचेच्या नळीत रक्त घेतलं,
नळी खिडकीत उभी ठेवली.
"वीस मिनिटं. हात लावायचा नाही कोणी."

बाहेर ट्रॅक्टर सुरूच राहिला,
बंद करायचं कुणाला सुचलं नाही.
बाप नळीपुढं उकिडवा.
वाऱ्यानं हलेल म्हणून
त्यानंच उठून पंखा बंद केला.
रावेरचा मे.

सिस्टरनं नळी आडवी केली.
रक्त पाण्यासारखं धावलं.
मग फ्रीजचं दार,
कुप्यांचा किणकिणाट, मोजून दहा.

सलाइन संपलं, दुसरं लागलं.
ट्रॅक्टरचं डिझेल कधी संपलं, कळलं नाही.
पहाटे नवी नळी, तीच खिडकी, तीच वीस मिनिटं.
आडवी केली.
दह्यासारखं रक्त जागचं हललं नाही.

बाप उठला. पंखा लावला.