लोलक

बार्शी रस्ता सोडला तेव्हा सहा वाजले होते
आणि ऊन आधीच कामावर हजर.
तीन गाड्या. बोल्लीची नवी थार,
इलाहीच्या गॅरेजात जन्मलेली, कुठल्याच कंपनीची नसलेली जिप्सी,
आणि सगळ्यांत मागं माझी मेजर,
जिनं मामाच्या हयातीत सूत वाहिलं, चादरी वाहिल्या,
एकदा अख्खी वरात.

शेजारी उबाळे सर.
मांडीवर पंचात गुंडाळलेलं काहीतरी,
तान्ह्या पोरासारखं धरलेलं, पण जड.
"काय आहे ओ सर?"
"लोखंड," म्हणाले, आणि बाहेर बघू लागले.

नान्नज मागं पडलं.
पाटीवरचा माळढोक उन्हानं इतका फिका झालाय
की आता पाटीवरसुद्धा दिसेलच असं नाही.
मुरूम लागल्यावर टायरांतली हवा सोडली, अठरा पाउंडांपर्यंत.
फुस्स.
तेवढाच वारा त्या दिवसाचा.

ओढ्यात पाणी नव्हतं,
पाण्याची सवय तेवढी राहिली होती: मऊ, खोल, दगाबाज रेती.
बोल्ली रुतला.
"लो-फोर टाक की बे!" इलाही ओरडला,
बोल्लीनं रेस दिली, चाकांनी स्वतःची कबर खणली,
आम्ही तिघं दोराशी झटलो, एकमेकांच्या आईबापांचा उद्धार केला.
सर उतरले. कुणाच्या तरी बांधावरून
कडब्याच्या चार पेंढ्या उचलून आणल्या,
चाकाखाली सरकवल्या.
"बाबा असंच करायचे," म्हणाले,
"त्यांची सायकल असायची, मागं औषधांची पेटी."

पुढचे सहा किलोमीटर तेच बोलत होते.
वडील तांबडमाळच्या मिशनमध्ये कंपाउंडर.
घंटा प्रार्थनेला एकदा व्हायची,
डोळ्यांच्या औषधाला दोनदा.
दोनदा झाली की माळावरून पोरं यायची
चिपडलेले डोळे घेऊन, एकमेकांचा सदरा धरून.
मिशन उठलं, गोरे गेले, कपाट रिकामं झालं
त्या संध्याकाळी बाबा शिडी लावून चढले
आणि घंटेचा लोलक काढून घरी आले.
औषध नाही, तर हाक कशाला मारायची?
मोदीखान्यातल्या खोलीत चाळीस वर्षं
तो दाराला अडसर होता.

तांबडमाळ.
काळ्या दगडाच्या तीन खोल्या, आभाळाचं छप्पर.
दारावरच्या कोरीव 'दवाखाना'तला 'दवा' झडलेला,
उरला खाना;
आणि खरंच आत तीन दगडांवर कालवण रटरटत होतं.
मायव्वा नावाची धनगरीण, तिचा पोरगा,
दीडशे मेंढरं, एक आमच्यावर न भुंकणारं कुत्रं.
बोल्लीनं ड्रोन काढला. मी मोज्यांतली कुसळं.
सर कमानीखाली उभे. कमानीत फक्त हूक.

घंटा खाली होती.
उलटी, मातीत अर्धी पुरलेली,
काठोकाठ पाणी
आणि त्यात तोंड घातलेलं एक कोकरू.

"हे कुणाचं?" सरांनी विचारलं.
"मेंढरांचं," मायव्वा म्हणाली,
जसं काय दुसरं उत्तर असूच शकत नव्हतं.

सर गुडघ्यांना समजावत खाली बसले.
घंटेच्या काठावर बोटाच्या पेरानं टक केलं.
आवाज आला नाही म्हणा. पाणी मात्र थरथरलं,
कोकरानं मान वर केली, त्यांच्याकडे पाहिलं,
पुन्हा प्यायला लागलं.
त्याचे डोळे स्वच्छ होते.
पंचा त्यांनी सोडलाच नाही.

परतताना लोलक मागच्या पेटीत,
जॅक आणि पान्यांच्या शेजारी.
पहिल्याच खड्ड्याला तो बोलला.
वायरलेसवर इलाही: "तुझ्या गाडीत काय वाजलालंय गं?
सायलेन्सर तर नाही?"
मी ब्रेकवर पाय ठेवला.
"थांबवू नकोस," सर म्हणाले.

ओढ्यापर्यंत मी मोजत होते.
एकदा.
बऱ्याच वेळानं दोनदा.
मग रस्ताच असा लागला
की मोजणं सोडून द्यावं लागलं.