अर्धा फेरा

सीलाईनला गाडी लावण्याआधी
इब्राहिम सारंग टाचेनं वाळू ठोकून बघतात.
वरचा पापुद्रा कडक,
खाली मीठ, मिठाखाली चिखल.
"हिचा भरवसा नको," म्हणतात,
"दिसते जमीन, वागते खाडीसारखी."

मग कॅराव्हॅनची जी बाजू खाली, तिच्या चाकाखाली फळी.
कधी एक, कधी दोन.
चाकांना पाचरी, मगच जीपचा हूक सोडायचा.
पुढची दांडी फिरवत नाक वर, नाक खाली,
पाणसळीतला बुडबुडा
दोन रेघांमध्ये येऊन निजेपर्यंत.
आणि अगदी शेवटी कोपऱ्यांचे चार जॅक,
प्रत्येकाखाली लाकडाचा रुंद ठोकळा.
पाय टेकला, की अर्धा फेरा.
बस्स.

मी नवा होतो, हातात जोर होता.
फळ्यांचा कंटाळा केला
आणि मागचा उजवा जॅक फिरवत गेलो, फिरवत गेलो,
चाक वाळू सोडेपर्यंत.
गाडी सरळ दिसली. मी शाबासकीची वाट बघत उभा.

आतून अर्बाबच्या आईनं दार ढकललं.
दार हलेना.
चौकट पिळली होती, धुण्यासारखी.
ती खिडकीतून माझ्याकडे बघत राहिली,
हातात गहव्याचा एवढासा कप.
काय म्हणाली ते अरबीत होतं,
पण मला सगळं कळलं.

सारंग ओरडले नाहीत. जॅक ढिला केला,
दार कुरकुरत सुटलं.
"स्टॅबिलायझर म्हणतात ह्याला.
उचलायला नाही रे हा, धरायला.
वजन चाकांचं.
ह्यानं एवढंच करायचं,
रात्री कोणी पाण्याला उठलं
तर बाकीच्यांची झोप डुलू द्यायची नाही."

त्याच रात्री घरून फोन.
भावाची फी, पडवीचे पत्रे,
मामाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मामीनं मध्येच घातलेलं.
सगळ्याला मी म्हणालो, बघतो, मी बघतो.
सारंग शेजारी कोळशावर मासा उलटत होते.
काही बोलले नाहीत.
नुसता हवेत हात धरून
अर्धा फेरा करून दाखवला.

एप्रिलात तळ उठला.
चारही जॅक वर घेतले, असं मी सांगितलं.
जीप निघाली, काहीतरी खरखरलं,
मागे वळून बघतो तर
वाळूत एक तास उमटत आलेलं, खोल, सरळ,
आमच्या आप्पांच्या नांगराला कधी जमलं नाही इतकं.

मागचा डावा राहिला होता.

सारंग उतरले, वाकलेला पाय बघितला,
मग ते लांबलचक तास बघितलं,
आणि म्हणाले,
"आता पेर काहीतरी."