लागलं

झेन्सव्हिलच्या जत्रेच्या मैदानावर, गुरांच्या शेडमागे,
आम्ही शनिवारी चिलखतं चढवतो.
माझं काकडीच्या लोणच्याच्या निळ्या पिंपातून कापलेलं.
चार उन्हाळे झाले, तरी घाम आला की
व्हिनेगरचा वास सुटतो.
शिरस्त्राण मात्र खरं, पोलादाचं;
आत आपलाच श्वास
कुणी दुसराच घेत असल्यासारखा ऐकू येतो.

तलवारी वेताच्या. त्यांवर पांढऱ्या पट्टीची एक रेघ:
ही धार. बाकीचं सपाट.
सपाट बाजूने मारलेलं धरायचं नाही.
पंच आहेत, ऑरिन, पिवळीकाळी काठी घेऊन,
पण त्यांचं लक्ष सुटलेल्या बकलांवर
आणि दोरीखालून आत येणाऱ्या पोरांवर.
घाव बसला का, हे ते सांगत नाहीत.
मारणाराही सांगत नाही.
ज्याला बसला, तो सांगतो.
‘गुड’ म्हणायचं, आणि मरून पडायचं.

पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं.
मी मिरजेच्या रेल्वे कॉलनीत आबाधोबी खेळून वाढलेला,
पाठीवर ओल्या चेंडूचा अख्खा गोल ठसा घेऊन
‘लागलाच नाही!’ म्हणून तासभर भांडणारा.

गेल्या सप्टेंबरात डार्ला केसलरने
माझ्या ढालीखालून एक घाव काढला,
डाव्या बरगडीवर, पिंपाचे दोन तुकडे जुळतात तिथे.
आवाज फारसा झाला नाही.
मी उभाच राहिलो.
तिने टोक जमिनीकडे केलं. ‘हलका होता?’
‘हलका होता.’
ती मान हलवून पुन्हा पवित्र्यात आली
आणि थोड्या वेळाने मी तिला पाडलं.
बक्षीस म्हणून पितळी वाडगा मिळाला.
त्यात मी किल्ल्या टाकतो. रोज वाजतो.

बरगडी आधी निळी, मग जांभळी,
मग आंब्याच्या सालीसारखी, हिरवट पिवळी.
मेधाने विचारलं, ‘लागलं का रे?’
म्हटलं, ‘छे, कुठे काय.’
एकाच घावावर दोनदा खोटं.

आज चिठ्ठीत पुन्हा तिचंच नाव.
ती टाइलच्या कारखान्यात भट्टीवर असते,
मनगटात घाई नाही.
दुसऱ्याच मिनिटाला तिची तलवार खांद्यावर आली,
मोठा आवाज झाला, कुंपणाशी कुणी ‘ओह्’ केलं,
आणि मी ओरडलो, ‘गुड!’
गुडघ्यावर बसलो. वाटलं, फिटलं.

ती हलली नाही.
‘सपाट होता. ऊठ.’
‘चांगला होता.’
‘माझ्या हातात फिरला. ऊठ.’
मी जाळीतून तिच्याकडे बघत राहिलो.
मग गवताकडे बघून म्हणालो,
‘गेल्या वर्षीचा धारेचा होता.’

‘माहीत आहे,’ ती म्हणाली.
‘मारणाऱ्या हाताला कळतं.’
‘मग बोलली का नाहीस?’
‘ते माझं काम नव्हतं.’
ढालीचा पट्टा दाताने ओढून आवळला तिने.
‘ऊठ आता. लोक खोळंबलेत.’

मी उठलो. गुडघ्याला शेणाची हिरवी माती.
त्यानंतर बराच वेळ झुंजलो आम्ही,
वाईट झुंजलो, दमून, ढाली एकमेकींवर टेकवून,
तिचा श्वास, माझा श्वास, व्हिनेगर.
मग कधीतरी तिने ढालीखालून हात काढला,
तसाच, त्याच जागी,
आणि आवाज फारसा झाला नाही.

‘लागलं!’ मी ओरडलो.
मराठीतच आलं तोंडातून.
ऑरिन काठी घेऊन पुढे आले,
‘काय म्हणाला तो?’
डार्लाने तलवार केव्हाच खाली केली होती.