सहावा मसुदा

पहिल्या मसुद्यात ‘दुःख’ होतं.
ठोंबरे म्हणाले, दुःख नको, दुःख म्हणजे अर्धी कबुली.
मी खोडलं. ‘खेद’ लिहिला.
तारापोर वकिलांनी चष्मा कपाळावर सरकवून
खेद नोटेसारखा उजेडात धरला
आणि खाली ठेवला.
उरलं एवढंच : बाब गंभीर आहे.
कुणाची बाब, ते वाक्यात नव्हतं.

मलबार हिल. रात्रीचे साडेबारा.
खिडकीखाली समुद्र,
अभ्यागतांच्या बाकावर बसून राहिलेला,
चिठ्ठी आत पाठवूनही कुणी न बोलावलेला.
मी लघुलेखक, प्रतिनियुक्तीवर.
बोटं हजर, मी गैरहजर,
अशी एकवीस वर्षं.

सकाळी बातमी आतल्या पानावर होती.
दुपारी चॅनेलवर.
संध्याकाळी वर्सोव्याच्या बायका
टोपल्या उपड्या घालून मंत्रालयासमोर बसल्या.
अकरा हजार जॅकेटं, बोटींवरच्या माणसांसाठी,
नारिंगी, छातीवर साहेबांचा हसरा फोटो.
कंत्राट मेव्हण्याच्या भागीदाराचं.
मेव्हण्याचा फोन आज दिवसभर बंद.

निमिष, सल्लागार, वय अठ्ठावीस, बुटात मोजे नाहीत,
म्हणाला, ‘सर, चित्रच बदलून टाकू.
पहाटे ससून डॉक. कोळी टोपी. तुम्ही जाळं ओढताय.’
साहेब म्हणाले, ‘मला मासळीचा वास सहन होत नाही.’
मत्स्यव्यवसाय खातं तीन वर्षं त्यांच्याकडे आहे.
कुणी हसलं नाही.
मीही ते लिहून घेतलं नाही.

मग बळी शोधायला बसले.
संचालक नको, तो बोलेल.
उपसंचालक नको, त्याचा सासरा आपल्यातला.
खाली, आणखी खाली, यादीच्या पार तळाशी
एक भांडारपाल सापडला,
निवृत्तीला चार महिने, बायपास झालेला.
पत्रिका जुळावी तसे सगळ्यांचे चेहरे उजळले.
चहा मागवला गेला.

कप हातात तसाच धरून साहेब म्हणाले,
‘कुणी पाण्यात टाकून पाहिलंय का ते?’

नमुन्याचं जॅकेट कपाटावर होतं, टेंडरच्या सीलसकट.
बंगल्यातला जुना टब भरायला वीस मिनिटं लागली.
आम्ही सहा जण त्या न्हाणीघरात,
मयताला आल्यासारखे, खांद्याला खांदा.
जॅकेट तरंगलं.
‘बघा!’ निमिष म्हणाला.
मग एक कोपरा गडद झाला.
मग दुसरा.
आतला स्पंज पाणी पीत होता, सावकाश, तहानलेला.
टबावर वाकून साहेब
स्वतःला बुडताना पाहत राहिले,
हसरेच गेले ते, तळापर्यंत.

‘किती वेळ?’
‘चार मिनिटं, साहेब.’
‘त्या पोराचं नाव काय होतं?’
ठोंबरेंनी निमिषकडे पाहिलं. निमिषनं फोनकडे.
मला माहीत होतं. हरेश्वर केणी, एकोणीस.
दुसऱ्या मसुद्यात मीच ते टाइप केलं होतं,
तिसऱ्यात मीच काढलं.

नळ थेंबथेंब गळत होता.
साहेबांनी तोंड उघडलं. काहीतरी येणार होतं बाहेर,
मी पेन्सिलसुद्धा टेकवली.
तेवढ्यात तारापोर हळूच म्हणाले,
‘पण हे गोडं पाणी आहे.’

सगळ्यांनी माना वर केल्या.
साहेबांनी तोंड मिटलं.

‘गोड्या पाण्यातील अनधिकृत चाचण्यांच्या आधारे
सागरी उपकरणांविषयी संभ्रम पसरवणे अनुचित असून…’
एकदाही न अडखळता उतरला सहावा मसुदा.
न्हाणीघरात लखू शिपाई जॅकेट पिळत होता.
किती वेळ पिळत होता.

चारला सही झाली.
बाही ओली राहिली होती,
कागदावर एक थेंब पडला,
सहीवर नाही, ‘बाब’ या शब्दावर.
शाई फुटली.

मी नवीन प्रत काढली.