बळी क्रमांक तीन

लोरेन गावात, ईरी सरोवराच्या काठी,
ज्या हिवाळ्यात पोलाद कारखान्याची दुसरी भट्टी विझली
त्या हिवाळ्यात ऑझी फिगेरोआनं
स्वतःची व्हॅन विकून सिनेमा काढला.
एरवी तो लग्नांचे फोटो काढायचा.
म्हणून आमचा व्हॅम्पायरसुद्धा
चावण्याआधी क्षणभर कॅमेऱ्याकडे बघतो,
हनुवटी थोडी वर, खांदे सैल.

अकरा रात्री. बंद पडलेलं मासळीचं गोदाम.
वटवाघूळ म्हणजे छत्रीचं फाटकं कापड,
गळाच्या काठीला टांगलेलं.
काठी हलवणाऱ्या मेहुण्याची सावली
भिंतीवर पडली, तीच जास्त भयानक दिसली,
तेव्हा ऑझीनं सावलीच ठेवली.

लोक म्हणतात रक्ताचं पाणी केलं.
आम्ही पाण्याचं रक्त केलं:
मक्याचा पाक, कोको, लाल रंग.
गारठ्यानं ते थिजायचं
म्हणून ऑझीची आई स्टोव्हवर बादली ठेवून
पहाटेपर्यंत ढवळत बसायची,
मधूनच चव बघत.

मी बळी क्रमांक तीन. वय एकोणीस.
वाक्य एकच: "कोण आहे तिकडे?"
तिकडे कोण आहे ते मला चांगलं माहीत होतं.
लाडिस्लाव ह्रुश्का. हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवायचा.
मला त्यानं नापास केलं होतं.
गावच्या दंतवैद्यानं त्याचे सुळे फुकट करून दिले,
पण ते लावले की त्याला बोलता येईना, लाळ गळायची;
मग ऑझीनं त्याचे सगळे संवाद कापले
आणि ह्रुश्का सर गूढ झाले.
माझ्या मानेवर वाकलेले असताना
ते पुटपुटले, "पाठ अवघडली नाही ना?"
नीट बघितलंत तर ओठ हलताना दिसतात.

श्रेयनामावलीत माझं नाव चुकलंय.
रोझाल्बाचं रोझाब्ला.
पहिल्या खेळाला एकतीस माणसं होती, सगळी हसली.
ऑझी मागे उभा होता, त्याची दातखीळ बसली होती.

पुढे तीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात
लोकांचं रक्त काढलं.
मूठ आवळा. तिकडे बघा. झालं.
एखादा बघत राहायचा माझ्याकडे,
सुईकडे नाही,
आणि म्हणायचा, तुम्ही त्या सिनेमातल्या ना?

आता दर ऑक्टोबरात स्लोव्हाक क्लबच्या हॉलमध्ये तो लावतात.
प्लास्टिकचे दात लावून पोरं येतात,
माझं वाक्य माझ्याआधी म्हणतात.
व्हॅम्पायर आरशात दिसू नये असा नियम आहे.
आमचा दिसतो, अख्खा,
कोट, टक्कल, मनगटावरचं घड्याळ:
पुन्हा घ्यायला फिल्म उरली नव्हती.
"घड्याळ! घड्याळ!" हॉल ओरडतो.
मीही ओरडते.
चकचकीत सिनेमे मी बघते, घाबरतेही,
पण त्यांत मला कुणी पाठीचं विचारत नाही.

व्हर्ना ह्रुश्का ओरडत नाही.
सर जाऊन चार वर्षं झाली.
ती तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, कोट न काढता बसते.
आरशाच्या त्या दृश्यात अजून एक चूक आहे,
पोरांना ती दिसत नाही.
गोदामाची दारं त्या रात्री लागत नव्हती,
सरोवरावरून वारा थेट आत येत होता,
आणि शतकांपूर्वी मेलेल्या त्या माणसाच्या तोंडातून
वाफ येते.
पांढरी. आरशावर जराशी बसते, विरते.
पुन्हा येते.

यंदा मी तिच्या शेजारी जाऊन बसले.
वाकून विचारलं, कॉफी आणू का?
तिनं माझ्या हातावर हात ठेवला,
पडद्यावरची नजर न काढता म्हणाली,
"थांब,
अजून दोन आहेत."