थांब

अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात
मी रात्रपाळीचा जॉबर.
रविवारी पटापलीकडे
कोंड्यालांची श्रीनिधी, वय अकरा,
पाय जमिनीला टेकत नाहीत.

चौतिसाव्या चालीला माझा हात घोड्याकडे निघाला.
मी तो मांडीखाली दाबून बसलो.
गेल्या साली याच घाईनं पाच डाव घालवले;
वहीत प्रत्येकापुढे लाल शाईनं एकच शब्द.

मागावर तुटलेला धागा
मला आवाजावरून कळतो.
पटावर अजून नाही.
पण आज काहीतरी खटकलं.
शोधत राहिलो, घड्याळ माझंच पळतंय,
आणि दिसला तिचा उंट,
पार कोपऱ्यातून रोखलेला.

हरलोच, एकसष्टाव्या चालीला.
तिनं डब्यातली शेंगाचटणी पुढे केली.
“काका, तिथं घोडा का नाही हलवला?
मी वाटच बघत होते.”